संगणक मराठी वाचतो. अडते ते मजकुरापाशी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अंध विद्यार्थ्यासाठी पुस्तक ध्वनिमुद्रित करायचे म्हटले की आपल्याकडे पहिला विचार येतो तो वाचून देणाऱ्या माणसाचा. माणसाच्या वाचनाची सर यंत्राला नाही, हे मान्यच. पण चालू घडामोडींची टिपणे, सूचनापत्रे, अभ्यासक्रम, जाहिरातींतल्या अटी अशा रोज बदलणाऱ्या मजकुराला माणूस पुरत नाही. त्यासाठी आठ-दहा वर्षांपूर्वीचा संगणक, फुकट मिळणारी दोन-चार साधने आणि काळ्या पडद्यावर टाइप केलेली एक ओळ पुरते. नागपुरातल्या कोणत्याही अभ्यासिकेला किंवा ग्रंथालयाला हे आज जमण्यासारखे आहे. ते जमत नाही याचे खापर मराठी आवाजावर फोडले जाते. आवाज केव्हाच आले आहेत. त्यांना जो मजकूर वाचायला दिला जातो, तोच बिघडलेला असतो.

एक खुलासा आधीच करतो. खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत कराव्यात. यात एक सोयही आहे. छापताना किंवा व्हॉट्सॲपवरून फिरताना दोन वजाचिन्हांची मिळून एक लांब रेघ होते, सरळ अवतरणचिन्हे वाकडी होतात, आणि अशी आज्ञा जशीच्या तशी चिकटवली की संगणक ती ओळखत नाही. आज्ञा हाताने टाइप करावी हे बरे.

सुरुवात ईस्पीक-एनजी या मजकूर वाचून दाखवणाऱ्या फुकट प्रोग्रॅमपासून करावी. जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ मध्ये एकॉर्न संगणकांसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून ईस्पीक तयार झाला आणि २०१५ मध्ये त्याची एनजी ही शाखा निघाली. अंध लोक विंडोजवर वापरतात त्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्येही हेच इंजिन असते. उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल ईस्पीक-एनजी एफएफएमपेग सॉक्स’ एवढे केले की काम होते. मराठीचा संकेत एमआर. मूळ आज्ञा अशी: ‘ईस्पीक-एनजी -व्ही एमआर -एस १४० -एफ धडा.टीएक्सटी -डब्ल्यू धडा.डब्ल्यूएव्ही’. व्ही म्हणजे आवाज, एस म्हणजे मिनिटाला शब्द, एफ म्हणजे वाचायची फाइल आणि डब्ल्यू म्हणजे तयार होणारी फाइल. एस दिला नाही तर वेग १७५ धरला जातो. नवख्या कानाला मराठीत तो जास्त वाटतो; १३० ते १४० बरा. -पी ने स्वर ० ते ९९ मध्ये वरखाली होतो (मूळ ५०), -ए ने आवाज ० ते २०० मध्ये (मूळ १००), आणि -जी ने दोन शब्दांमधली फट वाढते. मूळ वेगाला -जी चे एक माप १० मिलिसेकंदांचे असते. जोडाक्षरांनी भरलेल्या शासकीय मजकुराला -जी २ किंवा ३ दिले की कानाला सुटसुटीत वाटते.

एफ आणि डब्ल्यूची गल्लत करू नये. डब्ल्यूनंतर चुकून मजकुराच्याच फाइलचे नाव पडले तर ईस्पीक काही न विचारता ती पुसून तिथे आवाज लिहून ठेवतो. म्हणून मूळ मजकूर नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावा.

हा आवाज यांत्रिक आहे. पहिल्यांदा ऐकणारा नाक मुरडतो, आणि त्याला दोष देता येत नाही. पण रोज ऐकणाऱ्यांना तोच हवा असतो, कारण वेग ३०० च्या पुढे नेला तरी त्याची अक्षरे एकमेकांत मिसळत नाहीत. मऊ, माणसासारखे आवाज तेवढ्या वेगाला गढूळ होतात. कोणता आवाज चांगला हे देणाऱ्याने ठरवू नये, ऐकणाऱ्याला विचारावे.

मऊ आवाज हवाच असेल तर एज-टीटीएस हे पायथनमधले साधन आहे. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमधली वाचून दाखवण्याची सेवा ते आज्ञेवरून वापरते. मराठीत त्यात आरोही आणि मनोहर असे एक स्त्रीचा व एक पुरुषाचा आवाज आहेत. ‘एज-टीटीएस --व्हॉइस एमआर-आयएन-आरोहीन्यूरल -एफ धडा.टीएक्सटी --राइट-मीडिया धडा.एमपी३’ असे लिहायचे. व्हॉइसच्या नावातली मोठी-लहान अक्षरे मात्र जशी यादीत दिसतात तशीच ठेवावीत. ‘एज-टीटीएस --लिस्ट-व्हॉइसेस’ म्हटले की यादी मिळते. वेग दहा टक्के कमी करायचा तर --रेट नंतर बरोबरचे चिन्ह देऊन, मध्ये जागा न सोडता, वजा १० टक्के लिहावे. जागा सोडली तर ‘वजा’ पाहून प्रोग्रॅमला ती नवी सूचना वाटते आणि तो अडतो. नव्या उबुंटूवर पायथनची साधने बसवणाऱ्या ‘पिप’ने हे बसवायला गेले की ‘एक्सटर्नली मॅनेज्ड’ अशी तक्रार येते. तिथे ‘पिपएक्स इन्स्टॉल एज-टीटीएस’ करावे. काल चालणारे साधन आज ४०३ म्हणून नकार देऊ लागले, तर बहुतेक वेळा पलीकडची सेवा बदललेली असते. आधी साधन अद्ययावत करून पाहावे.

यात दोन अडचणी आहेत. इंटरनेट लागते ही पहिली, आणि मजकूर परक्या सर्व्हरवर जातो ही दुसरी. विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका, वैद्यकीय अहवाल, कोर्टाची कागदपत्रे यांसाठी ते वापरू नये. तिथे ईस्पीक किंवा कार्नेगी मेलन विद्यापीठाचे फ्लाइट बरे, कारण ती घरच्या संगणकातच चालतात. फ्लाइटसाठी मराठीचे आवाज स्वतंत्र फाइलच्या रूपात मिळतात. मेटाने २०२३ मध्ये अकराशेहून अधिक भाषांसाठी काढलेल्या मॉडेलांत मराठी आहे, पण त्याचा परवाना व्यापारी वापराला मनाई करतो. क्लासवाल्यांनी हे ध्यानात घ्यावे. आयआयटी मद्रासमधल्या एआय४भारत गटाचे मराठी आवाजही मोकळे आहेत. त्यांना संगणक जरा दणकट लागतो.

आता मूळ दुखण्याकडे येतो. नागपूरकरांना रोजचा असलेला एकच शब्द घेऊ: वऱ्हाड. पडद्यावर तो एकच दिसतो, पण संगणकाच्या पोटात तो निदान दोन प्रकारे साठवलेला असतो. पहिल्या प्रकारात व, मग ऱ (युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक व्यवस्थेतला ०९३१ क्रमांकाचा, खाली टिंब असलेला र), हलन्त, ह, काना, ड असे सहा घटक असतात. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (क्रमांक २००डी), म्हणजे एकूण सात घटक. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो, आणि तो अदृश्य जोडकही तीनच. म्हणून ‘प्रिंटएफ वऱ्हाड | डब्ल्यूसी -सी’ असे बाइट मोजायला सांगितले की पहिल्या प्रकाराला १८ उत्तर येते आणि दुसऱ्याला २१. (प्रिंटएफऐवजी एको वापरला तर ओळ संपल्याचा एक बाइट वाढून १९ आणि २२.) दोन वेगळ्या कीबोर्डांवर टाइप झालेल्या एकाच पुस्तकात हे दोन्ही सापडतात.

यात बिघडते काय? मजकूर साफ करणारी बरीच साधने ‘अदृश्य कचरा’ म्हणून तो जोडक काढून टाकतात. तो गेला की र डोक्यावर चढतो: दऱ्याखोऱ्यांचे दर्याखोर्या, दुसऱ्याचे दुसर्या. आचाऱ्याला दिलेले निमंत्रण आचार्यांकडे जाते. ऐकणाऱ्याला पडदा दिसत नाही, त्यामुळे त्याला चूक कळण्याचा मार्गच नसतो. म्हणून क्रम पक्का ठेवावा: आधी ‘र, हलन्त, जोडक’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घालावे, आणि नंतरच उरलेले जोडक काढावेत. ॲ चीही हीच कथा. बँकेचे ॲप लिहिताना कोणी एकसंध ॲ वापरतो, कोणी अ, जोडक आणि चंद्र यांची मोट बांधतो. दुसऱ्या प्रकाराचे रूपांतर जोडक काढण्याआधी करून घ्यावे. ऱ चा एक तिसरा प्रकारही भेटतो, साधा र आणि नुक्ता असा सुटा लिहिलेला. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण केले की तो पहिल्यात मिसळतो.

या सगळ्या बदलांसाठी सेड हे मजकुरात शोधून बदल करणारे जुने साधन उत्तम. नियम एका फाइलमध्ये, एका ओळीत एक असे लिहून ठेवायचे आणि ‘सेड -एफ नियम.सेड कच्चा.टीएक्सटी > पक्का.टीएक्सटी’ म्हणायचे. एका अभ्यासिकेने केलेली नियमांची फाइल दुसरीला जशीच्या तशी चालते. मात्र हे नियम लिहिताना मराठी माणूस दोन खड्ड्यांत हमखास पडतो.

पहिला खड्डा टिंबाचा. ‘डॉ.’ च्या जागी ‘डॉक्टर’ करायचे असा साधा नियम लिहिला, तर सेडच्या भाषेत टिंब म्हणजे ‘कोणतेही एक अक्षर’. मजकुरात आधीच लिहिलेल्या ‘डॉक्टर’मधला ‘डॉक’ या नियमात बसतो आणि शब्द होतो ‘डॉक्टर्टर’. टिंबाआधी उलटी तिरकी रेघ दिली की हे थांबते. दुसरा खड्डा याहून खोल आहे. तालुक्यासाठी ‘ता.’ चा नियम तिरकी रेघ देऊन, नीट लिहिला, तरी ‘तो गेला होता.’ या वाक्याच्या शेवटीही ‘ता’ आणि टिंबच आहे. परिणाम: ‘तो गेला होतालुका’. हाच प्रकार राहणारसाठी लिहिलेल्या ‘रा.’ चा, ‘बरा.’ ने संपणाऱ्या वाक्यात. म्हणून अशा संक्षेपांच्या आधी ओळीची सुरुवात किंवा रिकामी जागा असलीच पाहिजे, असे नियमात स्पष्ट लिहावे. शब्दाची सीमा दाखवणारी सेडची खूण मात्रा-वेलांट्यांपाशी भरवशाची नाही. तिच्यावर विसंबू नये.

संक्षेप मोडून लिहायचे दुसरेही कारण आहे. टिंब दिसले की इंजिनाला वाक्य संपले असे वाटते. ‘प्रा.’, ‘कि.मी.’, ‘क्र.’, ‘दि.’ यांपाशी ते थबकते, आणि अर्जाची सूचना उचकी लागल्यासारखी ऐकू येते.

आकड्यांचे प्रकरण स्वतंत्र आहे. आधी सगळे आकडे एका लिपीत आणावेत, म्हणजे पुढचे नियम दोनदा लिहावे लागत नाहीत. इथे लोक एका चिन्हाच्या जागी दुसरे घालणारी ‘टीआर’ ही आज्ञा वापरतात आणि मजकूर नासतो, कारण लिनक्सवरचा टीआर बाइट मोजतो, अक्षरे नाही. त्याच्या हाती तीन बाइटांचा देवनागरी आकडा लागला की तो त्याचे तुकडे करतो. सेडची ‘वाय’ आज्ञा बरोबर काम करते. मात्र संगणकाची भाषाव्यवस्था यूटीएफ-८ हवी. रात्री आपोआप चालणाऱ्या क्रॉनमध्ये ती नसते, आणि मग दिवसा सुरळीत चालणारी ‘वाय’ आज्ञा ‘दोन्ही बाजूंची लांबी वेगळी आहे’ म्हणून बंद पडते. फाइलचे तुकडे पाडतानाही हेच पथ्य: ‘स्प्लिट -बी’ अक्षर मधोमध कापतो, ‘स्प्लिट -एल’ ओळी मोजतो.

मग सालांकडे वळावे. १९५६ हा आकडा तसाच दिला तर इंजिन ‘एक हजार नऊशे छप्पन्न’ म्हणण्याचा संभव मोठा. दीक्षाभूमीवरच्या माहितीत १४ ऑक्टोबर १९५६ असे ऐकताना ते कानाला टोचते. उपाय सोपा आहे: चार आकडी संख्येतल्या सुरुवातीच्या १९ च्या जागी ‘एकोणीसशे’ आणि एक जागा घालायची, पुढचे ५६ तसेच ठेवायचे. मराठीची गंमत अशी की ‘१९५६ रुपये’ या ठिकाणी हा नियम चुकून लागला तरी वाचन बरोबरच राहते. पण १९०५ चे ‘एकोणीसशे शून्य पाच’ होते आणि १९०० चे त्याहून वाईट, म्हणून शून्यवाल्यांचे नियम वर, बाकीच्यांचे खाली. आकड्याच्या आजूबाजूला दुसरा आकडा नाही हेही तपासावे, नाहीतर एखाद्या पोचपावतीच्या लांब क्रमांकाच्या पोटातही एकोणीसशे शिरते.

रकमांतला स्वल्पविराम काढायचा तर तो फक्त ‘रु.’ किंवा ‘रुपये’ यांच्या शेजारच्या आकड्यांतूनच काढावा. सरसकट ‘दोन आकड्यांमधला स्वल्पविराम काढा’ म्हटले की ‘इयत्ता ५,६,७’ चे ‘५६,७’ होते. रकमेनंतरची ‘/-’ ही शेपटी पूर्ण गाळावी. १०.३० चे साडेदहा, २.५ चे अडीच, १.५ चे दीड हे नियम हातानेच लिहावे लागतात. दशांश टिंब दिसले की इंजिन ‘दोन दशांश पाच’ म्हणते, आणि तसे मराठीत गणिताच्या तासाबाहेर कोणी बोलत नाही. ‘१०-१५’ चे ‘१० ते १५’ करण्याआधी तारखा सोडवून घ्याव्यात. नाहीतर १४-१०-१९५६ चे ‘१४ ते १० ते एकोणीसशे छप्पन्न’ होईल. ४४००१० सारखा पिनकोड सुट्या आकड्यांत फोडून द्यावा. ‘चार लाख चाळीस हजार दहा’ हा पत्ता पोस्टमनलाही सापडणार नाही.

उच्चारांपुढे मात्र सेड दुबळा आहे. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपी ते वेगळे दाखवत नाही. ‘माझा’ मधला झ दाताशी लागतो, ‘माझी’ मधला टाळूशी. ‘जग सुंदर आहे’ मधला ज वेगळा आणि ‘तू जग’ मधला वेगळा. ‘गुरूंचे चरण’ आणि ‘गाईचे चरणे’ यांतही तोच फरक. ईस्पीकला -क्यू -एक्स देऊन शब्द दिला की तो कोणते ध्वनी काढणार ते अक्षरांत दाखवतो. ‘माझा’ आणि ‘माझी’ दोन्ही देऊन पाहावे. फरक दिसला नाही तर एमआर_एक्स्ट्रा (मध्ये खालची रेघ) नावाच्या फाइलमध्ये शब्द आणि त्याचे ध्वनी लिहून ‘--कंपाइल’ ने शब्दकोश पुन्हा बांधता येतो. हे काम निवांत बसून करण्याचे आहे. नेहमीचे शे-दोनशे शब्द झाले तरी कानाला फरक पडतो. हिंदी आवाजावर मराठी मजकूर चालवण्याचा जुगाड बरेच जण करतात. तो करू नये. ज्ञानाचे ‘ग्यान’ होते, शब्दाशब्दावर ‘ळ’ अडखळतो, आणि शेवटचा ‘अ’ कुठे गाळायचा याची हिंदीची रीत मराठीला लागू पडत नाही.

हे सगळे मजकूर युनिकोडमध्ये हाती असेल तर. इथे एक तक्रार नोंदवतो. ती कोणा एका कार्यालयाविरुद्ध नाही, इतकी ती सार्वत्रिक आहे. मराठी सूचना आजही जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप होतात. पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरांची खिचडी असते, आणि इंजिन तीच खिचडी इंग्रजीत वाचू लागते. किंवा मग कागद छापून, सही-शिक्का मारून, पुन्हा स्कॅन करून पीडीएफ म्हणून टाकला जातो. त्यात मजकूर नसतोच, फक्त चित्र असते. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४२ मध्ये छापील व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला सर्व आशय सुगम स्वरूपात असावा असे म्हटले आहे. त्यासाठी निधी लागत नाही. ज्या फाइलवरून सूचना छापली, ती युनिकोड मजकूर म्हणून पीडीएफशेजारी ठेवली की झाले.

पीडीएफमधून मजकूर निघतो का हे पाहायला ‘पीडीएफटूटेक्स्ट’ चालवावे (पॉपलर-युटिल्स या पॅकेजमध्ये मिळते). निघालेल्या मजकुरात ऱ्हस्व वेलांट्या भलत्याच अक्षरावर बसलेल्या दिसल्या, तर तो दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये. ‘पीडीएफटूपीपीएम -आर ३०० -ग्रे -पीएनजी’ ने पानांची चित्रे करावी आणि ‘टेसरॅक्ट पान.पीएनजी पान -एल एमएआर’ ने ती वाचून घ्यावी. टेसरॅक्टचा मराठी संच वेगळा बसवावा लागतो (टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर), आणि ईस्पीकचा मराठी संकेत एमआर असताना इथे तो एमएआर आहे. ३०० पेक्षा कमी बारकाव्याचे चित्र दिले तर अनुस्वार गळतात. ध-घ, भ-म, थ-य, ब-व या जोड्या नजरेखालून घालाव्यातच. प्रत्येक पानावर येणारे पुस्तकाचे नाव आणि पानक्रमांकही काढावेत. नाहीतर दर दोन मिनिटांनी वाक्याच्या मध्येच ‘एकशे बारा’ ऐकू येते. छापील ओळ संपली तिथे फाइलचीही ओळ संपलेली असते, आणि पायपर या दुसऱ्या वाचन-प्रोग्रॅमसारखी इंजिने प्रत्येक ओळ स्वतंत्र वाक्य समजतात. म्हणून परिच्छेदातल्या ओळी आधी जोडून घ्याव्यात. नोटपॅडमधून आलेल्या फाइलवर, ओळींच्या शेवटच्या विंडोजच्या जादा खुणा काढायला, एकदा ‘डॉसटूयुनिक्स’ फिरवावे.

तयार झालेला डब्ल्यूएव्ही भारी असतो. ईस्पीक सेकंदाला २२,०५० नमुने, प्रत्येकी दोन बाइट लिहितो, म्हणजे मिनिटाला सुमारे २.६ एमबी. दोनशे पानांचे, पानाला तीनशे शब्दांचे पुस्तक १४० च्या वेगाने कमीत कमी सात तास चालते (वेगाचे माप इंग्रजी शब्दांवर बेतलेले आहे, आपले शब्द लांब), आणि फाइल एक जीबीच्या पुढे जाते. ‘एफएफएमपेग -आय धडा.डब्ल्यूएव्ही -एसी १ -बी:ए ४८के धडा.एमपी३’ केले की तेच दीडशे एमबीच्या आसपास येते. बोलण्याला ४८ किलोबिट भरपूर झाले. सगळे पुस्तक एका फाइलमध्ये देऊ नये. धड्यागणिक फाइल करावी आणि नावात ००१, ००२ असे तीन आकडी क्रमांक घालावेत. नुसते १, २ दिले तर साध्या प्लेयरमध्ये पहिल्या धड्यानंतर दहावा लागतो. दोन डब्ल्यूएव्ही जोडायला ‘कॅट’ वापरू नये. दुसऱ्या फाइलचा मथळाही आवाज म्हणून आत शिरतो, आणि बरेच प्लेयर पहिल्याच फाइलच्या लांबीवर थांबतात. ‘सॉक्स एक.डब्ल्यूएव्ही दोन.डब्ल्यूएव्ही मिळून.डब्ल्यूएव्ही’ हे बरोबर.

कायद्याबद्दल दोन शब्द. प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ५२(१)(झेडबी) दिव्यांग व्यक्तींसाठी पुस्तक सुगम स्वरूपात करायला आणि त्यांना देऊ करायला परवानगी देते. तीच ध्वनिफाइल सगळ्यांसाठी यूट्यूबवर चढवायला देत नाही.

आपल्याकडेही एक विनंती आहे. वृत्तपत्रांच्या ई-आवृत्तीचे पान बहुधा चित्र म्हणून दिसते. बातमीचा मजकूर सोबत मिळाला, तर सकाळचा अंक चहा होईपर्यंत ऐकता येईल.

पुस्तक हाती घेण्याआधी आपली नियमांची फाइल पारखायला एक ओळ देतो. ती मुद्दामच वेडीवाकडी आहे: ‘ता. रामटेक येथील आचाऱ्याशी माझा जुना हिशेब दि. ४-७-१९०५ रोजी १०.३० वाजता मिटला, बँकेत रु. १,२५,०००/- जमा झाले, आणि इयत्ता ५,६,७ चा वर्ग २.५ कि.मी. चालत वऱ्हाडात गेला होता.’ डोळे मिटून ऐकावी. तालुका एकदाच ऐकू आला पाहिजे.

आपला,
एक वाचक, नागपूर